प्रिम्युलाचं बी आणि आत्याची बदली

गेल्या जुलैत आत्याचं पत्र आलं. आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. ती सिस्टर आहे आणि बत्तीस वर्षं दार्जिलिंगकडच्या डोंगरात शाळेत शिकवते. पत्रात कागदाची पुडी होती आणि पुडीत तपकिरी धुळीसारखं काहीतरी. वर लिहिलेलं, ‘प्रिम्युलाचं बी. सांभाळून पेर.’

प्रिमरोज मला फक्त नावानं माहीत होती. इंग्रजी कवितेत ती सारखी भेटते, आपण वहीत ‘एक रानफूल’ असं लिहितो आणि पुढे जातो. आत्याचं फूल तिच्याच कुळातलं, हिमालयातलं, प्रिम्युला डेंटिक्युलाटा. अफगाणिस्तानापासून चीनपर्यंत, साधारण 1500 ते 4500 मीटर उंचीवर ते उगवतं. ‘प्रिम्युला’ हे नाव ‘पहिला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलंय. बर्फ वितळलं की पानं पुरती मोठी व्हायच्या आधीच एका दांड्यावर जांभळ्या फुलांचा गोल गेंद येतो. ढोलाच्या टिपरूसारखा दिसतो म्हणून इंग्रजीत त्याला ‘ड्रमस्टिक प्रिम्युला’ म्हणतात. मम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे शेवगा?”

आम्ही राहतो पलसाण्याला. एका अंगाला उसाची शेतं, दुसऱ्या अंगाला डाइंगच्या मिल्स. गच्चीत कपडे वाळत घातले की त्यांवर काजळी बसते. इथं हिमालयातलं फूल येईल कसं? पण पप्पा हट्टाला पेटले. ताईनं पाठवलंय ना, मग उगवलंच पाहिजे!

त्या दिवसांत त्यांचा दुसराही एक हट्ट चालू होता. दर फोनला ते आत्याला म्हणायचे, “गुडघे दुखतात तुझे. किती दिवस तिकडे चढ-उतार करणार? बदली मागून घे, सुरतेकडे ये. रविवारी तरी भेट होईल.” आत्या हसून विषय बदलायची. खरं सांगायचं तर मलाही ती हट्टीच वाटायची.

बी आम्ही कोरडंच फ्रिजमध्ये ठेवलं. उगवण्याआधी या बियांना ओली थंडी मिळाली तर बरं, असं वाचलं होतं. म्हणून ऑक्टोबरअखेर अर्धं बी ओलसर वाळूत मिसळून डबी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवली. डिसेंबरात पानांचं खत, कोकोपीट आणि वाळू कालवून कुंड्या भरल्या आणि ती वाळू वरच पसरली. बी मातीत गाडायचं नाही, त्याला उजेड लागतो. वरून पाणी घातलं तर ते वाहून जातं, म्हणून कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवायची. विसाव्या दिवशी पप्पांनी हाक मारली. ड्यूटीवर जायच्या आधी मोबाइलच्या टॉर्चमध्ये त्यांना हिरवे ठिपके दिसले होते. नऊ रोपं!

फेब्रुवारीत पानांच्या कडांना बारीक दाते दिसू लागले. डेंटिक्युलाटा म्हणजे तेच, बारीक दात्यांची. पप्पांनी फोटो काढून आत्याला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बघ, इथंही जगतं.’

मार्चमध्ये दुपारचा पारा पस्तिशीपार गेला. आम्ही कुंड्या सावलीत नेल्या, भोवती ओली पोती गुंडाळली, बाथरूमच्या खिडकीतही ठेवून पाहिल्या. माती ओली असूनही पानं माना टाकत होती. मग आम्ही आणखी पाणी घातलं आणि मुळं कुजली. झावळ्यांच्या रविवारी शेवटचं रोप गेलं.

संध्याकाळी मी फोन स्पीकरवर ठेवून आत्याला सांगितलं. सांगताना रडूच आलं.

“अगं वेडे, तुझं काही चुकलं नाही,” ती म्हणाली. “आमच्या बागेत हिवाळ्यात त्याच्या जाड मुळाचे तुकडे लावले तरी फुटतात. अर्धी सावली, पानांचं खत, ओल हवी पण पाणी साचायला नको, बस. बर्फात त्याचा नुसता कोंब उरतो, झोपलेला. लोकांना वाटतं बिचारं थंडी सोसतंय. ते थंडी सोसत नाही गं, त्याला थंडी लागते.”

मग जरा थांबून म्हणाली, “पप्पाला सांग, मीही इथं सोसत नाहीये.”

पप्पा मोरीत रिकाम्या कुंड्या धूत होते. त्यांनी ऐकलं होतं. नळ बंद करून ते बराच वेळ तसेच उभे राहिले. बत्तीस वर्षांत सुट्टीला आत्याच इकडे आली, आमच्यातलं कुणीच तिच्याकडे गेलं नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“ताई,” त्यांनी तिथूनच विचारलं, “तुझ्याकडे हे फुलतं कधी?”

“एप्रिलमध्ये ये.”

बदलीचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. अर्धी पुडी अजून फ्रिजमध्ये आहे. ती आम्ही इथं पेरणार नाही. पप्पांनी पुढच्या एप्रिलसाठी सुट्टीचा अर्ज लिहून ठेवलाय. माझी परीक्षा आड येऊ नये, एवढीच आता धाकधूक आहे.