अंगठ्याचे तुटलेले लिगामेंट आणि सोनोग्राफी

अंगठ्याच्या बुडाशी, तर्जनीच्या बाजूला, एक आखूड पण बळकट लिगामेंट असते. चिमटीत धरून किल्ली फिरवायची असो की पाना आवळायचा, जोर पेलते ते हेच. अंगठा हिसका बसून बाहेर वाकला की ते फाटते. परदेशी पुस्तकांत ही स्कीइंगची दुखापत म्हणून येते. गंगापूर तालुक्यात तिची शंका घ्यायची ती वाळूज रस्त्यावर हँडल घट्ट धरूनच दुचाकीवरून पडलेल्या कामगाराच्या किंवा कबड्डीत अंगठा अडकलेल्या पोराच्या बाबतीत.

आधी एक्स-रे काढावाच. हाडाचा टवका निघाला असेल तर तो कळतो. लिगामेंट मात्र त्यात दिसत नाही. आणि खरा प्रश्न नुसता फाटण्याचा नाही. १९६२ मध्ये स्वीडनच्या बर्टिल स्टेनर यांनी दाखवून दिले, की कधी कधी तुटलेले टोक अंगठा आत ओढणाऱ्या स्नायूच्या चपट्या पडद्यावर येऊन बसते. पडदा मध्ये आडवा आल्यावर ते हाडाला पुन्हा चिकटणार कसे? तिथे शस्त्रक्रियाच लागते. टोक पडद्याखालीच असेल, तर चार ते सहा आठवडे स्प्लिंट बहुधा पुरते.

हे ठरवायला सोनोग्राफीचा उच्च वारंवारतेचा, सपाट तोंडाचा छोटा प्रोब लागतो. भरपूर जेल लावून तो न दाबता सांध्यावर उभा ठेवायचा. शाबूत लिगामेंट उजळ, तंतुमय दिसते. पण प्रोब जरा कलला की तेच काळे पडते आणि नसलेली फाट दिसू लागते. म्हणून दुसरा अंगठा पाहिल्याशिवाय निदान देऊ नये. मग रुग्णाच्या अंगठ्याचे फक्त शेवटचे पेर हलकेच वाकवायचे. पडदा सरकताना दिसतो, आणि मनगटाच्या बाजूला त्याच्याबाहेर गोलसर काळपट गाठ दिसली तर टोक निसटले आहे. स्थिर चित्रात संशय राहतो तो या हालचालीत बहुतेक वेळा फिटतो. सोनोग्राफीचे मोल इथेच आहे. सांध्यावर ताण द्यायचा तर अगदी बेताने, नाहीतर जागेवरचे टोकही निसटण्याची भीती.

गर्भलिंगनिदानविरोधी १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफीचे मशीन नोंदणीकृत केंद्रातच असते, म्हणून रुग्णाला चिठ्ठी देऊन तिकडे पाठवावे लागते. चिठ्ठीत ‘अंगठ्याची सोनोग्राफी’ एवढेच लिहू नये. टोक पडद्याच्या वर की खाली, हे स्पष्ट विचारावे. तरीही उलगडा झाला नाही तर संभाजीनगरला एमआरआय. पण दिवस घालवू नयेत: साधारण तीन आठवड्यांनंतर टोक आखडते, थेट शिवणे अवघड होते आणि कधी दुसरीकडचा टेंडन घेऊन नवे लिगामेंट बांधावे लागते.