मे महिन्यातली रिकामी मुंबई आणि आमचे गाव

शाळांचे निकाल लागले की आमच्या चाळीत बांधाबांध सुरू होते. कुणी कणकवलीला निघतो, कुणी संगमेश्वरला, कुणी पाटणला. गॅलरीत बॅगा आणि खोक्यांचे ढीग लागतात, पोरे आनंदाने नाचत असतात. दोन-चार दिवसांत निम्म्या खोल्यांना कुलपे लागतात. मग सकाळी नळावर भांडणे होत नाहीत, लोकलमध्ये पाय टेकायला जागा मिळते आणि संध्याकाळी पटांगणात क्रिकेटला दोन्ही बाजूंची टीम पुरी होत नाही.

मुंबईची ही जुनी रीत आहे. रत्नागिरीतून, साताऱ्यातून माणसे गिरणीत आली, पण बायकापोरे आणि म्हातारी माणसे गावीच राहिली. कामगार गाळ्यात दाटीवाटीने राहायचा, खानावळीत जेवायचा आणि वर्षातून एकदा रजा काढून गाव गाठायचा. 1982च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पण गावी जाण्याची ओढ तशीच राहिली. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर तर मे महिन्याचे तिकीट मिळवणे हे एक युद्धच होऊन बसले.

आम्ही मात्र मुंबईतच असतो. निघताना शेजारी आमच्याकडे चाव्या देऊन जातात. यंदा चार बिऱ्हाडांच्या चाव्या आमच्या खिळ्याला लटकत होत्या. एकाच्या कुंड्यांना पाणी घालायचे, दुसऱ्याचे लाइटबिल भरायचे, तिसऱ्याच्या खिडकीतले कबूतर हाकलायचे. हे आम्ही आनंदाने करतो.

पण यंदा धाकटीने विचारलेच, "सगळे गावी जातात, मग आपणच का नाही जात?"

आम्ही उत्तर शोधत होतो, तोवर वडीलच म्हणाले, "बाळ, गावात आपलं घर व्हतं, पण गाव आपलं नव्हतं."

मग ते सांगत बसले. लहानपणी विहिरीवर घागर घेऊन तासन् तास उभे राहावे लागे. कुणी दया करून वरून पाणी ओतले तर मिळे. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची सोय नव्हती. वतनाच्या नावाखाली घरच्यांनी गावाची रात्रंदिवस ताबेदारी केली. 1958च्या कायद्याने ते वतन गेले, पण त्याआधीच वडिलांनी मुंबईची वाट धरली होती. ज्या गावाचे इतरांना कौतुक वाटत होते, त्या गावाचे खरे रूप बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत परखडपणे मांडले. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे ते डबके आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आमच्या वडिलांनी ते भाषण वाचले नव्हते, पण ते सारे भोगले होते.

हे ऐकून धाकटी गप्प झाली. पण लेकराच्या मनात 'आपल्याला कुठेच जायला नाही' हे राहू देणे आम्हाला बरे वाटेना. म्हणून आम्ही नवरा-बायकोने ठरवले की मे महिन्याच्या चार रविवारी मुलांना आपली मुंबई दाखवायची. चाळीत मागे राहिलेली आणखी तीन मुले बरोबर घेतली.

पहिल्या रविवारी परळला गेलो. पोयबावडीजवळच्या बी. आय. टी. चाळ क्रमांक 1मध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या 50 आणि 51 नंबरच्या खोल्या म्हणजे बाबासाहेबांचे बिऱ्हाड. परदेशातल्या शिक्षणाचा काळ धरून 1912 ते 1934 असा त्यांचा संबंध या चाळीशी होता. तीही चाळ मे महिन्यामुळे निम्मी रिकामी होती. लोकांचे राहते घर आहे हे ध्यानात ठेवून आम्ही गॅलरीतच उभे राहिलो. मुलांना मोठे काहीतरी पाहायला मिळेल असे वाटले होते. तिथे होता लाकडी कठडा, लांब गॅलरी आणि ओळीने दारे. आमचा मोठा म्हणाला, "ही तर आपल्यासारखीच चाळ आहे." आम्हाला त्याने हेच पाहायला हवे होते. एवढ्याशा जागेत, गोंगाटात, कंदिलाच्या उजेडात रात्र रात्र अभ्यास झाला. रमाईने याच संसारात काटकसर करून दिवस काढले. 'घरात जागा नाही, म्हणून अभ्यास होत नाही' असे म्हणणाऱ्या आमच्या मुलांनी त्या दिवशी ती तक्रार परळलाच सोडली.

दुसऱ्या रविवारी दादर. हिंदू कॉलनीतले राजगृह बाबासाहेबांनी राहण्यापेक्षाही पुस्तकांसाठी बांधले, हे मुलांना सांगितले. तिथून चैत्यभूमी. 7 डिसेंबर 1956 रोजी याच किनाऱ्यावर लाखोंच्या साक्षीने बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. 6 डिसेंबरला आम्ही दरवर्षी तिथे रांगेत आणि सेवेत असतो. त्या दिवशी डोळे भरून पाहायला सवड नसते. मे महिन्यात मात्र समुद्राचा आवाज ऐकू येतो. सांचीच्या तोरणासारखे प्रवेशद्वार मुलांनी निवांत पाहिले, त्रिशरण-पंचशील म्हटले आणि नंतर वाळूत मनसोक्त खेळली.

तिसऱ्या रविवारी चर्नी रोडला उतरलो. स्टेशनजवळच्या बागेत शाळकरी भीमराव वाचत बसत. तिथेच त्यांची गाठ कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींशी पडली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. एका शिक्षकाने एका पोराला एक पुस्तक दिले, त्यातून पुढे काय घडले ते आपण सारे जाणतोच. तिथून फोर्टात गेलो. हायकोर्टाला उन्हाळ्याची सुटी, त्यात रविवार, म्हणून सगळीकडे शुकशुकाट. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली सुरू केलेल्या सिद्धार्थ कॉलेजची आनंद भवन आणि बुद्ध भवन ही नावे मुलांनी मोठ्याने वाचली. नोकरी करून शिकणाऱ्या कितीतरी कामगारांच्या पोरांना या कॉलेजने पदवीधर केले.

चौथ्या रविवारी कान्हेरी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शिरल्यावर लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. शंभराहून जास्त लेणी असलेला हा डोंगर म्हणजे शेकडो वर्षे नांदलेले भिक्खूंचे गावच. तीन नंबरच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना उभ्या बुद्धमूर्ती आहेत. त्यांच्यापुढे मुले आपोआप हात जोडून उभी राहिली. पण आम्हाला जास्त नवल वाटले ते पाण्याच्या टाक्यांचे. पावसाचे पाणी खडकात खोदलेल्या पन्हळींतून टाक्यांत साठवण्याची सोय भिक्खूंनी केली होती. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. कल्याण, सोपारा इथल्या व्यापाऱ्यांनी आणि साध्या उपासक-उपासिकांनी दिलेल्या दानांच्या नोंदीही तिथे कोरलेल्या आहेत. वडील त्या टाक्याच्या काठी बराच वेळ बसून होते. मग म्हणाले, "इथं पाण्याला कुणी अडवलं नसंल."

परतताना मात्र एक गोष्ट मनाला लागली. रिकामी मुंबई आपोआप चालत नाही. पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई याच दिवसांत चालते. आमच्या वस्तीजवळच्या नाल्यात काही माणसे भर उन्हात गाळ उपसत होती. त्यांतले दोघे आमचेच धम्मबांधव निघाले, जयभीम झाला. त्यांना ना गाव, ना सुटी. शहरात येऊन वतन सुटले, पण घाणीचे काम आपल्यातल्या कितीजणांचे सुटले? शहराने आम्हाला अर्धी वाट आणून सोडले आहे. उरलेली वाट शिक्षणाने आणि संघटनेनेच चालायची आहे. त्या दोघांची मुले आता रोज संध्याकाळी आमच्या खोलीत गणित शिकायला येतात.

आमचे काही बांधव मे महिन्यात कोकणात आपल्या बौद्धवाडीत जातात. तिथे विहार बांधतात, वैशाख पौर्णिमेला कार्यक्रम घेतात. ते चांगलेच आहे. गावाकडे मान वर करून जाता येत असेल तर जरूर जावे. पण ज्यांना गाव नाही, त्यांनी मनात कमीपणा आणू नये. 24 मे 1956 रोजी बुद्धजयंतीच्या सभेत, आपण ऑक्टोबरमध्ये बौद्ध धम्म स्वीकारणार ही घोषणा बाबासाहेबांनी केली ती याच मुंबईत, नरे पार्कवर. मे महिन्यात इथेच राहणाऱ्यांना यापेक्षा मोठी आठवण कोणती हवी?

जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांना दोन शब्द. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते. उन्हाआधी सकाळी लवकर निघावे. चपाती-भाजी, पाणी आणि टोपी बरोबर घ्यावी. मुलांच्या हाती एक वही द्यावी आणि पाहिलेले चार ओळींत लिहायला सांगावे. आमचा चौघांचा सगळा खर्च गावाच्या एका फेरीच्या भाड्याइतकाही झाला नाही.

जूनमध्ये शेजारी परतले. कुलपे उघडली, नळावर पुन्हा आवाज सुरू झाला. चाव्या परत देताना आमच्या हातात आंबे आणि फणसाची साटे आली. समोरच्या काकूंनी धाकटीला विचारले, "तू नाही गेलीस गं गावी?"

ती म्हणाली, "गेले होते की! आमचं गाव परळला आहे. दुसऱ्या मजल्यावर."

जयभीम!