आश्विनातला मुक्काम

काही वास माणसाच्या आधी घरात येतात. आश्विन सरत आला की ओतूरच्या आमच्या घरात सकाळी सकाळी असा एक वास यायचा. कडी वाजण्याआधी, पायातल्या चपला निघण्याआधी तो पडवी ओलांडून थेट ओट्यापाशी माझ्याजवळ येऊन पोचलेला असायचा. डिझेलचा उग्र दर्प त्यात असेच, रात्रभराचा घामही असे; पण या दोन्हींच्या तळाशी काहीतरी गोडसर, ओलसर, दुधाळ असं मंद दरवळत राहायचं. तो पिकत आलेल्या इंद्रायणीचा वास. ह्यांच्या खाकी शर्टाच्या बाह्यांत, कॉलरीत, रुमालाच्या घडीत तो कुठे कुठे बसलेला असे. शर्ट भिजत घालताना माझा हात बादलीवर क्षणभर थांबायचा. मग शाळेची वेळ आठवायची, आणि शर्ट पाण्यात जायचा.

हे एसटीत चालक. नोकरीतली कितीतरी वर्षं मुक्कामी गाडीवर गेली. ज्यांनी खेड्यात दिवस काढलेत त्यांना मुक्कामी गाडी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दिवेलागणीला ती शेवटच्या गावात पोचते, देवळासमोरच्या पटांगणात उभी राहते. चालक-वाहक तिथंच देवळात नाही तर गाडीतल्याच बाकांवर अंग टाकतात, आणि उजाडायच्या आत ती परीक्षेची पोरं, दवाखान्याची माणसं, दुधाचे कॅन घेऊन पुन्हा निघते. कल्याण-नगर रस्त्यानं ओतूर सोडून पश्चिमेला निघालं की उदापूर, डिंगोरे, मढ अशी गावं मागं पडत जातात, आणि माळशेज घाटाच्या तोंडाशी डोंगर अचानक अंगावर येतात. त्या डोंगरांच्या कुशीतल्या गावांत ह्यांच्या रात्री जायच्या. माझ्या रात्री मांडवीकाठच्या घरात, वह्यांच्या गठ्ठ्यांपाशी. सकाळी हे यायचे तेव्हा मी निघायच्या गडबडीत. चहावर ताटली झाकलेली असे, भाजीचं सांगून झालेलं असे, लेकराचं दप्तर दारात असे. दोन वाक्यं व्हायची. कधी तीही नाही.

एकाच घरात आम्ही वेगवेगळ्या प्रहरांत राहिलो. त्यात कुणाचा दोष नव्हता. संसार असाच उभा राहतो, किती घरांत तो असाच उभा राहिला आहे. पण रात्री कधी जाग आली आणि शेजारची उशी सपाट दिसली, की वाटायचं, ही रात्र कुठे गेली असेल? कुणाच्या वाट्याला?

आमच्या पिढीतल्या अनेकांसारखी आमचीही जन्मतारीख गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिलेली, १ जून. त्यामुळे निवृत्तीही मे महिन्याच्या शेवटच्या दिवशीच. ह्यांची गेल्या वर्षी झाली, माझी यंदा. शाल, श्रीफळ, फोटो, भाषणं, पाया पडणारी मुलं. नंतरचा पावसाळा मला जरा जड गेला. सकाळी साडेपाचला आपोआप जाग यायची आणि मग त्या जागेपणाचं काय करायचं ते कळत नसे. आषाढ असाच गेला, श्रावण-भाद्रपद सणावारांत गेले. आश्विनात पाऊस उघडला, आकाश धुतल्यासारखं निळं झालं, आणि एका सकाळी चहा घेता घेता हे म्हणाले, "अगं, मी झोपायचो ती गावं तुला कधी दाखवलीच नाहीत. चल, दोन-चार दिवस राहून येऊ."

आम्ही एसटीनंच गेलो. ह्यांनी मला खिडकी दिली आणि स्वतः शेजारी बसले. मला गंमत वाटली ती ह्यांच्या उजव्या पायाची. डिंगोऱ्याच्या पुढे वळणं सुरू झाली तसा तो पाय प्रत्येक वळणाला पुढच्या बाकाखाली हलकेच दाबला जात होता. तिथं ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता. त्या पायाला आजवर किती माणसांच्या जिवाची काळजी करायची सवय! मी काही बोलले नाही. माझा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. पुढच्या वळणाला पाय दाबला गेला, पण जरा कमी.

खुबी फाट्याला उतरलो. तिथून धरणाच्या बांधावरून खिरेश्वरला जायचा रस्ता आहे. एका बाजूला पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी, समोर हरिश्चंद्रगडाची ती प्रचंड भिंत, आणि वर सगळं शरदाचं ऊन. पावसाळ्यात इथं धुकं, धबधबे, गाड्यांची रांग असते, रोहित पक्षी बघायला लांबून लोक येतात. आश्विन-कार्तिकात मात्र हा मुलूख आपल्या आपल्यात असतो. सोनकीचा पिवळा रंग उतारांवरून ओसरत आलेला, गवत टोकाला तांबूस झालेलं, तेरड्याचं उशिराचं एखादं फूल ओहोळाच्या कडेला. धरण काठोकाठ. पाण्यात गडाचा कडा उलटा उभा. वारा आला की तो कडा बारीक बारीक चुरडून जाई आणि वारा थांबला की पुन्हा जुळून येई. चालता चालता आम्ही किती वेळा थांबलो! कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, घंटा होणार नव्हती.

गडावर तोलार खिंडीनं जाणाऱ्या मंडळींसाठी खिरेश्वरात घरोघरी जेवणाची, राहण्याची सोय होते. तशाच एका घरात आम्ही उतरलो. तांदळाची भाकरी, पिठलं, खरडा. रात्री अंगणात खाट टाकून दिली. अंगावर दुलई घ्यावी इतकाच गारवा. झोपेच्या अलीकडे कुठेतरी मला तो वास आला. मी उठून बसले. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, तुमचा शर्ट."

पहाटे आम्ही दोघं भातखाचरांच्या बांधावर गेलो. अजून सूर्य डोंगराआडच होता. लोंब्या दाण्यांच्या भारानं वाकलेल्या, काही पिवळ्या, काही अजून हिरव्या, प्रत्येक लोंबीच्या टोकाला दवाचा थेंब. मी एक दाणा नखानं दाबला. अजून पुरता टणक झाला नव्हता, आतून पांढरट चीक आला. बोट नाकाशी नेलं. इतकी वर्षं डिझेलच्या आणि प्रवासाच्या खाली दबून माझ्यापर्यंत आलेला तो वास आता त्याच्या स्वतःच्या घरी होता. स्वच्छ, भरलेला, सगळ्या खाचरभर. पाण्यावरून गार वारा आला की तो हलायचा, वारा पडला की साचायचा.

सुगंधी भाताचं हे असं असतं, दाणा शिजल्यावरच नव्हे, उभं पीकही दरवळतं. हा इंद्रायणी काही पुराणकाळापासूनचा नाही. मावळातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून तो तयार झाला, १९८७ साली. म्हणजे आमचा संसार सुरू झाला त्याच्याच आगेमागे हा वास या डोंगरात रुजला. आंबेमोहोराचा गंध घ्यायचा आणि शेतकऱ्याच्या पदरात पीकही जास्त टाकायचं, एवढंच त्या माणसांच्या मनात असणार. त्यांना काय ठाऊक, की पुढे कुणा एका घरात त्याच गंधावरून आश्विन ओळखला जाईल, आणि कुणी तरी सुखरूप परत आलं हेही!

बांधावर एक आजी विळ्यानं गवत काढत होत्या. ह्यांच्याकडे बघून त्या थांबल्या, डोळ्यांवर हात धरला. "मुक्कामी गाडीवालं डायवर ना तुम्ही?" हे हसले. आजी माझ्याकडे वळल्या. "बाई, माझं पोरगं धाव्वीच्या पेपराला जायचं व्हतं. रात्री ताप भरला त्याला. ह्यांनी गाडी आमच्या वाडीपाशी हुभी केली, पोराला मागल्या बाकावर निजवलं, आन शाळंच्या दारात उतरवलं. पास झालं वं ते." त्या सांगत होत्या आणि हे खाली गवताकडे बघत होते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशीही हे घरी आले असतील, चहावरची ताटली काढली असेल, आणि मी दप्तर शोधत असेन.

मग आजींनी विळ्याचं टोक धरणाकडे केलं. त्यांची जुनी खाचरं तिकडं होती, पाण्याच्या आत. धरण झालं तेव्हा गेली. "लई ग्वाड भात व्हायचा तिथला," एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा गवताला लागल्या. मी त्या पाण्याकडे बघत राहिले. कुकडी प्रकल्पाची ही पाच धरणं, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि हे पिंपळगाव जोगे. शाळेत भूगोलाच्या तासाला ही नावं मुलांकडून पाठ करून घेताना मी नकाशावर निळ्या खडूनं ठिपके दिले आहेत. या पाण्याचा कालवा जुन्नरच्या शिवारातून पार पारनेरच्या कोरड्या मुलखापर्यंत जातो. तिथं कुणाची ज्वारी, कुणाचा कांदा त्यावर उभा राहतो. आजींची खाचरं त्या निळ्या ठिपक्यात होती. नकाशावर ती मला कधी दिसली नाहीत. आजींना त्यांचं दुःख नाही असं नाही; ते त्यांच्या आवाजात होतं. पण त्या त्याच पाण्याच्या काठावर रोज कामाला येतात, आणि उरलेल्या जमिनीत तोच भात लावतात.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही नागेश्वराच्या देवळात गेलो. जुनं दगडी देऊळ, छतावर कोरीव काम, आत गारवा. बाहेर येऊन पायरीवर बसलो. ऊन तिरपं झालं होतं, डोंगराच्या घड्यांमध्ये निळी सावली भरत होती. लांब, पाण्याच्या कडेच्या ओल्या गाळावर दोन केशरी-तपकिरी पक्षी शेजारी शेजारी उभे होते. चक्रवाक. थंडीच्या तोंडावर ते आपल्याकडे उतरू लागतात. संस्कृत कवींनी या जोडीच्या माथी रात्रीचा विरह लिहिला. दिवसभर सोबत राहायचं, सूर्य मावळला की नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका मारायच्या. वर्गात हे शिकवताना माझा आवाज दरवर्षी एका ठरावीक ठिकाणी कापायचा. मुलांना वाटायचं, बाईंना कविता फार आवडते.

मी ह्यांना ते सांगितलं. पहिल्यांदाच. ह्यांनी बराच वेळ त्या पक्ष्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "मी तर कितीदा बघितलेत. पहाटे काच पुसताना. रात्रीही जवळजवळच असतात गं ते."

ओह. किती साधं.

कवींना जे ठाऊक नव्हतं ते पहाटे काच पुसणाऱ्या माणसाला ठाऊक होतं. आणि मला वाटत आलं होतं की माझ्या त्या सगळ्या रात्री हरवल्या. हरवल्या नव्हत्या. त्यांतली एक तापलेल्या पोराच्या उशाशी गेली होती. एक काच पुसता पुसता पाखरांकडे बघण्यात गेली होती. आणि त्यांचा काही अंश रोज सकाळी, शर्टात भरून, माझ्या ओट्यापर्यंत येत होता. फक्त तो उलगडून बघायला फुरसत हवी होती, आणि दोघांनी एकाच वेळी जागं असायला हवं होतं.

निवृत्ती म्हणजे विश्रांती, असं सगळे सांगतात. मला ती तशी वाटत नाही. मला ती शेजारी बसून जुनं आयुष्य ऐकण्याची वेळ वाटते. जोडीदारानं आपल्या नजरेआड जगलेलं जे काही असतं, त्याचा आपल्यालाही वाटा मिळावा म्हणून मिळालेली. ते मिळायला काही लांबचं थंड हवेचं ठिकाण लागत नाही. आपल्याच तालुक्यातलं, आपण रोज ज्याचं पाणी पितो, ज्याचा तांदूळ शिजवतो ते खोरं पुरतं.

परतायच्या आधी हे आजींच्या घरी गेले आणि कापणी झाल्यावर नवा तांदूळ आम्हालाच द्यायचा असं सांगून आले. घरी आल्यावर मी भिंतीवरची दिनदर्शिका काढून मांडीवर घेतली. आजवर तिच्यावर फक्त परीक्षा, तपासण्या आणि ह्यांच्या पाळ्या लिहिल्या गेल्या होत्या. आता आम्ही दोघांनी बसून वेगळ्याच खुणा केल्या. माघ शुद्ध दशमीला बाबाजी चैतन्यांच्या समाधीला जायचं. तुकोबांच्या गुरूंची समाधी आपल्याच गावात, आणि माझं जाणं मात्र नेहमी घाईघाईचं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पुन्हा खिरेश्वरला, आजींना त्यांच्या खाचरांची जागा विचारायला. आणि श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराला. तिथं तांदळाच्या पिंडी उभ्या करतात, सारा परिसर बघायला लोटतो, आणि आम्ही गावातली माणसं असून एकत्र एकदाही गेलेलो नाही. सोमवारी माझी शाळा असायची, ह्यांना यात्रेच्या जादा गाड्या. पुढच्या श्रावणात आम्ही दोघं त्या रांगेत उभे राहणार आहोत, मांडवीच्या काठापर्यंत रांग गेली असली तरी.