नोकरीचें निमित्त

आमच्या कन्येचें ऑफिस कोठें आहे, असें कोणीं विचारलें म्हणजे आमची मोठी पंचाईत होते. पुण्यास आहे म्हणावें, तर ती पुण्यास नसते. तिच्या कंपनीचीं गिऱ्हाइकें न्यूयॉर्कास आहेत म्हणावें, तर ऐकणाऱ्याचे डोळे उगाच विस्फारतात. आणि गोंव्यांतील काणकोण तालुक्यांत, पाळोळें नांवाच्या गांवीं, समुद्रकांठच्या एका चहाकॉफीच्या दुकानांत बसून ती नोकरी करते, हें खरें तें सांगितलें, तर धरमपेठेंतील आमचे स्नेही कांहीं न बोलतां सहानुभूतीनें आमच्याकडे पाहूं लागतात.

२०२० सालच्या मार्चांत टाळेबंदी झाली, तेव्हां ती नागपुरास आली आणि वरच्या मजल्यावरील खोलींत टेबल मांडून दीड वर्ष तिनें तेथूनच काम केलें. साऱ्या जगावर त्या दिवसांत संकट कोसळलें होतें. तरी लाजत लाजत कबूल करावयाचें, तर आमच्या घरांत तें दीड वर्ष सुखाचें गेलें. पुढें टाळेबंदी उठली, पण कंपनीनें ‘कोठूनहि काम करा’ असें कळविलें, आणि एका महिन्यासाठीं म्हणून ती गोंव्यास गेली. त्या महिन्याला आतां कित्येक वर्षें झालीं.

मागच्या संक्रांतीनंतर आम्ही तिला परत आणावयाचेंच, असा निश्चय करून मडगांवच्या गाडींत बसलों. बरोबर तिळाच्या लाडवांचा डबा होता, संत्राबर्फी होती, आणि परीक्षणासाठीं आमच्याकडे आलेला तीनशें पानांचा एक प्रबंध होता. हा प्रबंध म्हणजे आमचा युक्तिवाद होता. चार दिवस समुद्रकांठीं बसून आम्हींहि काम करून पाहावें, तें होत नाहीं असें सिद्ध करावें, आणि मग मुलीपुढें निकाल ठेवावा, असा बेत होता. वर्धा, बडनेरा, अकोला मागें पडलें. भुसावळ, कल्याण, पनवेल झालें. आणि दुसऱ्या दिवशीं कोंकणांतील बोगदे मोजतां मोजतां आम्हीं आमचें भाषण तीन वेळां पाठ म्हणून पाहिलें.

पाळोळ्याचा किनारा चंद्रकोरीसारखा आहे. उत्तरेच्या टोंकाला एक लहानसें बेट आहे. ओहोटी लागली म्हणजे गुडघाभर पाण्यांतून तेथें चालत जातां येतें. वाळूवर लांकडी खोल्यांची रांग असते. पावसाळ्यापूर्वीं त्या साऱ्या मोडून ठेवावयाच्या आणि पाऊस सरल्यावर पुन्हां उभारावयाच्या, असा तेथील नियम आहे. ज्या गांवचीं घरेंसुद्धां दर वर्षीं चार महिने उठून जातात, तेथें आमची मुलगी मात्र ठाण मांडून बसली आहे! पावसाळ्यांत ती चावडीच्या बाजाराजवळ खोली घेऊन राहते. तेथें वीज जाते, भिंतींना ओल येते, आणि चामड्याच्या चपलेवर आठवड्यांत बुरशी चढते, ही माहिती तिनें इतक्या आनंदानें सांगितली कीं, आमच्या भाषणांतील एक मुद्दा तेथेंच गळाला.

तिचें दुकान (म्हणजे ती जेथें बसते तें) झावळ्यांच्या छपराचें आहे. चार टेबलें, एक पंखा, आणि मागें चुलीवर शिजणाऱ्या आमटीचा वास. मालकीणबाई पन्नाशीच्या आहेत. यजमान रांपण ओढावयास जातात. आमची अशी समजूत होती कीं, कन्या समुद्राकडे पाहत, वाऱ्यावर केस उडवीत, अधूनमधून यंत्राच्या कळा दाबीत असेल. प्रत्यक्षांत ती समुद्राकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसते. कारण विचारलें, तेव्हां समजलें कीं, पाण्यावरून येणाऱ्या उजेडानें यंत्राच्या पडद्यावरील अक्षर दिसत नाहीं. सकाळपासून दुपारपर्यंत ती मान वर करीत नसे. रात्रीं आठ वाजतां न्यूयॉर्कास सकाळचे साडेनऊ झालेले असत. तेव्हां तिची दुसरी पाळी सुरू होई. ती कधीं संपते, हें आम्हीं पाहिलें नाहीं. आम्ही तत्पूर्वींच झोंपीं जात असूं.

समुद्र पाहत बसलों ते आम्ही! प्रबंध उघडला कीं वारा पान उलटी, आणि उलटलेलें पान मूळ पानाहून बरें असे. मग वाळू येई. मग एक तांबूस कुत्रें आमच्या पायावर मान टेकून झोंपे, व त्याची झोंपमोड होऊं नये म्हणून आम्ही हलत नसूं. चार दिवसांत अठरा पानें वाचून झालीं. युक्तिवाद सिद्ध झाला होता, पण तो आमच्यापुरताच.

गंमत अशी कीं, हा सारा प्रकार माणसाला घराजवळ ठेवण्यासाठीं निघालेला आहे. १९७३ सालीं अमेरिकेंत तेलाची टंचाई झाली, त्याच सुमारास जॅक नायल्स नांवाच्या अभियंत्यानें असा विचार मांडला कीं, माणसानें रोज मोटार हांकीत कामाकडे जाण्यापेक्षां कामच तारेवरून माणसाकडे पाठवावें. पेट्रोल वांचेल, वेळ वांचेल. त्याच युक्तीनें आमची मुलगी हजारावर किलोमीटर दूर जाऊन बसली आहे.

चवथ्या दिवशीं दुपारीं तिनें यंत्र मिटलें, तेव्हां आम्हीं विषय काढला. पाठ केलेलें भाषण आठवेना. एवढेंच म्हणालों, “काम कोठूनहि होतें ना तुझें? मग वरची खोली रिकामीच आहे.”

ती लगेच बोलली नाहीं. मग म्हणाली, “होतं, बाबा. घरूनही होतं. पण मला इथं राहायचं आहे.”

आवाजांत राग नव्हता. उलट आम्हांला लागूं नये म्हणून तिनें शब्द सावकाश उच्चारले होते. परंतु आमच्या कुळांत हें वाक्य यापूर्वीं कोणीं उच्चारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. घर सोडून गेले ते सगळे कामासाठीं गेले. निदान तसें सांगून गेले. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्यास राहिले. तें गांवहि समुद्रकांठचेंच, आणि लिहिलेलें टपालानें दूर पाठविण्याची तेव्हांहि सोय होती. पण खांडेकरांना तेथें शाळा होती. ‘येथेंच कां राहतां?’ असें कोणीं विचारलें असतें, तर शाळेकडे बोट दाखवून त्यांना मोकळें होतां आलें असतें. आमच्या मुलीनें बोट कशाकडे दाखवावें?

आणि आमचें स्वतःचें काय? आर्वीजवळचें आमचें गांव आम्हीं एम्. ए. च्या वर्गासाठीं सोडलें, मग नोकरी नागपुरांत लागली. १९९९ सालीं तिकडच्याच एका महाविद्यालयांत इंग्रजीच्या अध्यापकाची जागा निघाली. जाहिरातीचें कात्रण वडिलांनीं पत्रांत घालून पाठविलें. खालीं एकच शब्द होता, ‘पाहावें’. तें कात्रण आम्हीं तीन आठवडे कोटाच्या खिशांत वागविलें, आणि मुदत टळल्यावर कळविलें कीं, पत्र उशिरां हातीं आलें. पत्र तिसऱ्या दिवशींच आलें होतें. आम्हांला नागपुरांत राहावयाचें होतें. तेथलें ग्रंथालय, सायंकाळच्या सीताबर्डीवरच्या फेऱ्या, मित्र, आणि कोणाचा कोण हें कोणीं न विचारणें, हें सारें हवें होतें. वडिलांनीं पुन्हां तो विषय काढला नाहीं. शेवटपर्यंत गांवांत ते सर्वांना सांगत, “त्याची नोकरीच तिकडे आहे, काय करणार?” पत्र केव्हां मिळालें असेल, याचा हिशेब त्यांना करतां येत नव्हता असें नाहीं, ते शाळामास्तर होते.

हें मुलीला सांगावें, असें एकदां ओंठांवर आलें. पण तेवढ्यांत मालकीणबाई माशाच्या आमटीचें ताट घेऊन आल्या व “बाय फांतोडेर जेवूंक ना” अशी तिची चहाडी आमच्यापाशीं करूं लागल्या. त्यांचा मुलगा तारवटी आहे, म्हणजे जहाजावर नोकरीला असतो. नऊ नऊ महिने घरीं येत नाहीं. आम्हीं विचारलें, इकडे कांहीं काम नाहीं का त्याला? बाई हंसल्या. “ताचें काम तारवार. हांगा बसून कशें जातलें?” एवढें बोलून त्या स्वस्थपणें आंत निघून गेल्या. त्या स्वस्थपणाचा आम्हांला हेवा वाटला. उद्यां जहाजें काणकोणांत बसून चालवितां येऊं लागलीं, तर बाईंना काय काय ऐकावें लागेल, हें त्यांच्या मनांतहि आलें नसेल.

निघण्याच्या दिवशीं मुलगी स्टेशनापर्यंत आली. लाडवांचा डबा तिनें रिकामा करून, धुवून, त्यांत कोकमें भरून दिलीं होतीं. “मे महिन्यांत येईन,” म्हणाली, “पंधरा दिवस. काम घेऊनच येईन.” नागपूरच्या मे महिन्यांत स्वेच्छेनें येणारें माणूस म्हणजे थोडें नव्हे, हें आम्ही जाणतों.

घरीं पोंचलों. सौभाग्यवती दारांतच उभ्या होत्या. आमच्या मागें कोणी उतरत नाहीं, हें त्यांनीं पाहिलें. “एकटेच आलांत?” त्या म्हणाल्या.

वाटेंत दोनदां मनाशीं जुळविलेलें उत्तर आम्हीं दिलें, “कंपनीचें कांहीं काम त्या बाजूला निघालें आहे. तूर्त तिला तेथेंच राहणें भाग आहे.”

त्यांनीं आमच्याकडे क्षणभर पाहिलें. समुद्रकांठीं कंपनीचें कसलें काम, असें त्यांनीं विचारलें नाहीं. डबा घेतला, उघडून कोकमांचा वास घेतला, आणि आंत गेल्या.

सायंकाळीं आम्ही त्या प्रबंधाचें एकोणिसावें पान उघडून बसलों होतों. खालीं फाटकाशीं शेजारच्या बाई चौकशीला आल्या होत्या. सौभाग्यवतींचा आवाज स्पष्ट वर येत होता, “तिची नोकरीच तिकडे आहे हो, काय करणार?”