व्हर्नियर पुसणारा मुलगा

चाकणच्या एका कारखान्यात मी एचआरला होते तेव्हाची गोष्ट. टर्नरच्या जागेसाठी आयटीआय झालेला एक मुलगा आला होता. एसी केबिन, काचेचं टेबल आणि माझा नेहमीचा पहिला प्रश्न : "स्वतःबद्दल सांगा." पोरगा नाव-गाव सांगून गप्प. मी फुली मारायच्या बेतात होते, तेवढ्यात शॉपचे सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, याला जरा खाली घेऊन जातो."

मीही मागोमाग गेले. त्यांनी त्याच्या हातात कातलेला एक जॉब आणि मापं घ्यायचा व्हर्नियर दिला. पोरानं खिशातला रुमाल काढून आधी जबडे पुसले, मिटवून शून्य जुळतंय का पाहिलं. मग माप घेतलं. जॉब पाव फेरा फिरवून पुन्हा घेतलं. "सर, ओव्हॅलिटी आहे, जॉब पूर्ण गोल नाही. पॉइंट झिरो सिक्सचा फरक येतोय."

त्याच्याआधी अशा किती जणांवर मी फुली मारली असेल, देव जाणे. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेऊन हेच मांडलं होतं : गप्पांच्या ओघातल्या मुलाखतीपेक्षा प्रत्यक्ष काम करून घेणं आणि सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारणं जास्त भरवशाचं. एमबीएला मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं!

मग प्रश्न सुपरवायझरांबरोबर बसून लिहून काढले. गुण ज्याचे त्यानं आधी मांडायचे, चर्चा नंतर; नाहीतर साहेबांचं मत तेच सगळ्यांचं होतं.

दुसरी खोड मोडायला जास्त वेळ लागला. जागा भरायची घाई असली की आम्ही पगाराचा मोठा आकडा सांगायचो नि तिसऱ्या पाळीचा विषय टाळायचो. सोमवारी रुजू झालेला पोरगा गुरुवारी गायब, फोन बंद. आता मूळ पगार-महागाई भत्त्यावरचा १२ टक्के पीएफ वगैरे कापून हातात नेमके किती पडतील, ते कागदावर मांडून दाखवते. कूलंटचा वास, मशिनची घरघर, उभ्यानं आठ तास, सगळं आधी दाखवते. काही जण तिथूनच परत फिरतात. फिरू देत.

परवा एक जण गेटवरून परत आला. "मॅडम, तिसऱ्या पाळीची बस राजगुरुनगरपर्यंत येते का?"

येत नाही. तेही सांगितलं.