वाचनयंत्राची निवड

ई-रीडर नावाच्या वस्तूला मराठीत अजून नाव रुळलेले नाही. मी तिला वाचनयंत्र म्हणते. नाव काहीसे अवजड आहे खरे, पण ते वस्तूला तिच्या जागी ठेवते. ती ग्रंथ नव्हे, ग्रंथालयही नव्हे. वाचण्याचे ते एक यंत्र आहे, आणि यंत्र निवडताना जे प्रश्न विचारायचे तेच तिच्याबाबत विचारले पाहिजेत. ते कशासाठी घ्यायचे, कोण चालवणार आणि त्याची किल्ली कोणाच्या हाती राहणार?

मयूर विहारातील आमच्या सोसायटीत हे प्रश्न विचारण्याची वेळ येणे स्वाभाविक होते. यमुनेच्या पूर्वेकडील ह्या वस्तीत लिहिणारे-वाचणारे लोक पूर्वीपासून पुष्कळ. कृष्णा सोबती २०१९ साली निवर्तल्या, त्या इथल्याच रहिवासी. घरे मात्र बेताची, आणि ग्रंथ बेतात राहत नाहीत. दिल्लीत मराठी पुस्तक सहजी मिळत नाही. पुण्यामुंबईहून येणाऱ्याच्या सामानातून नाहीतर टपालाने ते येते, आणि एवढे सायास करून आलेले पुस्तक घराबाहेर काढायला मन धजत नाही. म्हणून ती साचत गेली. पुढे दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दिसते उत्तम, परंतु जुन्या ग्रंथांचा बारीक टंक आणि पिवळा पडलेला कागद एकत्र आले की तासाभरात डोळे मिटावेसे वाटतात.

शेजारचे एक निवृत्त बंगाली अभियंता गेली कित्येक वर्षे किंडलवर वाचतात. त्यांनी आपले यंत्र चार दिवस माझ्याकडे ठेवले आणि त्याचे अंतरंगही समजावून सांगितले. ह्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत विरुद्ध विद्युद्भाराचे काळे आणि पांढरे कण. विजेच्या इशाऱ्याने काळे वर येतात किंवा पांढरे. एकदा जागेवर बसले की वीज नसली तरी तिथेच राहतात. वीज लागते ती पान उलटताना आणि पानावर उजेड पाडायला. म्हणून ही यंत्रे एका भारणात आठवडेच्या आठवडे चालतात. आणि अक्षर स्वतः प्रकाशत नाही, त्याच्यावर प्रकाश पडतो. मोबाइलच्या पडद्याशी त्याची तुलना करू नये ती ह्या कारणाने. अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत ह्या शाईची कल्पना आकाराला आली, १९९७ साली तिच्यासाठी कंपनी निघाली, आणि २००७ मध्ये किंडल आले. मला ह्या इतिहासात एवढेच लक्षणीय वाटले की यंत्रविद्येची सारी धडपड कागदाच्या पुढे जाण्यासाठी नव्हती, कागदापर्यंत पोहोचण्यासाठी होती.

नव्या माध्यमाने जुन्याचे रूप घेऊन येणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील ग्रंथाला शिवत नसत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई वापरली, असे सांगतात. पुढेही कितीतरी काळ धर्मग्रंथ छापले गेले ते पोथीच्या आडव्या, सुट्या पानांवर. वाचकाला नवे यंत्र हवे होते, पण हाताला सवयीचे पान हवे होते. आज सपाट काचेवर पान उलटल्याचा आभास निर्माण करणाऱ्यांना हसण्याचे कारण नाही.

पुण्याला माझी भाची असते; संगणकाच्या क्षेत्रात तिचा वावर आहे. मी तिला फोनवर कोणते यंत्र चांगले म्हणून विचारले, तर ती म्हणाली, "मावशी, तू आधी हे सांग, तुला वाचायचं काय आहे? यंत्र मग ठरेल." परीक्षकाच्या पदावर आयुष्य घालवलेल्या मावशीला हा प्रश्न जरा झोंबला, पण तो बिनतोड होता.

मला वाचायच्या गोष्टी दोन प्रकारच्या. एक, नवे ललित साहित्य. किंडलच्या भारतीय दुकानात २०१६च्या डिसेंबरात मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके दाखल झाली. बुकगंगासारख्या मराठी विक्रेत्यांनीही ई-पुस्तके उपलब्ध केली. ही पुस्तके प्रवाही असतात. अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. त्यांच्यासाठी सहा-सात इंची, दोनशे ग्रॅमच्या आसपासचे, एका हातात मावणारे यंत्र उत्तम. मात्र आपल्या भाषेत शब्द लांब, सामासिक. अक्षर डोळ्यांना सुखावेल एवढे मोठे केले की ओळीत तीन-चार शब्द उरतात, आणि दोन्ही कडा सरळ राखण्याच्या हट्टापायी शब्दांमध्ये मोठाल्या पांढऱ्या पोकळ्या पडतात. गद्याची लयच त्यात बुडते.

त्याहून गंभीर गोष्ट अक्षराची. एका यंत्रावर, त्याच्या कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही, मला 'आचाऱ्यास' असावे तिथे 'आचार्यास' दिसले. मुदपाकखान्यातला माणूस एका रेफाने गुरुपीठावर बसला! 'दऱ्या' आणि 'दर्या' ह्यांचीही तीच गत. हा भेद हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. आणि देवनागरी म्हणजे हिंदी असे मानून घडवलेल्या टंकात त्याची काळजी घेतली जातेच असे नाही. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणेही तिथे हरवतात. दिल्लीच्या पाट्यांवर ती वळणे मला दिसत नाहीत, त्याची तक्रार नाही. घरात, मराठी कादंबरीच्या पानावर ती दिसू नयेत हे सोसवत नाही. आपला टंक चढवण्याची सोय हल्ली पुष्कळ यंत्रांत असते. ती आहे की नाही हे मराठी वाचकाने किमतीच्या आधी पाहावे.

वाचनाचा दुसरा प्रकार माझ्या कामाचा: एकोणिसाव्या शतकातील ग्रंथ आणि नियतकालिके. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ ते १९३७ अशी सत्तर वर्षे चालले. चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ साली सुरू झाली. ह्यांच्या मूळ अंकांसाठी पूर्वी पुण्यामुंबईच्या ग्रंथालयांत आठवडेच्या आठवडे बसावे लागे. आता राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ ग्रंथांच्या प्रतिमा महाजालावर खुल्या केल्या आहेत, इंटरनेट अर्काइव्हवरही मोठा साठा आहे. ह्या उपकाराचे मोल दिल्लीत बसलेल्या अभ्यासकालाच कळेल. परंतु ही पाने म्हणजे छायाचित्रे. त्यांतील अक्षर मोठे होत नाही, सबंध पानच मोठे करावे लागते. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची आवृत्ती मी सहा इंची यंत्रावर उघडून पाहिली. पूर्ण पान घेतले तर मुंग्यांची रांग. मोठे केले तर अर्धा स्तंभ दिसे, आणि शब्दापासून त्याच्या अर्थापर्यंत जाताना वाटेतच शब्द विसरायला होई. ह्या कामाला दहा इंचांहून लहान पडदा निरुपयोगी. कोबो, बूक्स आणि किंडल, तिघांकडेही तेवढ्या आकाराची यंत्रे निघाली आहेत. ती जड असतात, उताणे पडून वाचता येत नाहीत, पण मेजावर ठेवली की जुन्या अंकाचे पान जवळजवळ पुरे दिसते, आणि समासात लेखणीने टिपणही करता येते.

राहिला किल्लीचा प्रश्न. २००९ साली अमेरिकेत ऑर्वेलच्या '१९८४' ह्या कादंबरीच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या गेल्या. विक्रेत्याकडे हक्क नव्हते हे कारण खरे होते, कंपनीने नंतर दिलगिरीही व्यक्त केली. पण आपल्या घरातले पुस्तक दुसऱ्याला दुरून नेता येते हे त्या दिवशी सर्वांना कळले. २०२५च्या फेब्रुवारीत विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची सोयही त्याच कंपनीने बंद केली. अशा दुकानात आपण पुस्तक विकत घेत नाही, वाचण्याचा परवाना घेतो. तो मैत्रिणीला देता येत नाही आणि मागे ठेवताही येत नाही. दर्यागंजच्या रविवारच्या बाजारात, तो २०१९ साली महिला हाटमध्ये गेला त्याच्या आधी, क्वचित एखादे मराठी पुस्तक हाती लागे. पहिल्या पानावर कोणाचे तरी नाव, कुठलीशी तारीख. परवान्यावर अशी नावे साचत नाहीत.

इथे मला महानुभावांची सकळ लिपी आठवते. आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडून विटंबना होऊ नये म्हणून त्यांनी अक्षरांची अदलाबदल करून ते कुलूपबंद केले. ग्रंथ टिकले, हे त्या कुलपाचे श्रेय. पण मराठीच्या आद्य गद्याला उर्वरित महाराष्ट्र शतकानुशतके मुकला, तोही त्या कुलपामुळेच. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला तेव्हा कुठे 'लीळाचरित्रा'च्या भाषेकडे अभ्यासकांची वाट मोकळी होऊ लागली. महानुभावांच्या कुलपामागे श्रद्धा होती. ई-पुस्तकाच्या कुलपामागे व्यापार आहे, आणि चोरटी प्रत निघू नये ही लेखकाची रास्त चिंताही आहे. ती मी लेखिका म्हणून नाकारत नाही. तरीही ज्या भाषेच्या पुस्तकांच्या आवृत्त्या लहान आणि पुनर्मुद्रण दुर्मिळ, तिने आपली किल्ली एकाच दुकानदाराच्या कमरेला बांधावी हे मला धोक्याचे वाटते. उद्या त्याला मराठी विभाग तोट्याचा वाटला तर राजवाडे कुठून आणायचे?

शेवटी मी दहा इंची, कोणत्याही एका दुकानाशी न बांधलेले यंत्र घेतले. त्यात बाहेरून आणलेली फाइल चालते, मराठी टंक चढवता येतो, आणि उतरवलेला ग्रंथ माझ्या संगणकावर वेगळा राहतो. नव्या कादंबऱ्या मात्र मी कागदावरच मागवते; आवडली तर कोणाला तरी द्यायची असते, म्हणून. शेजाऱ्यांना माझे यंत्र पाटीएवढे मोठे वाटते आणि त्यांचे मला फार चिमुकले. ते रवींद्रनाथ बिछान्यात पडून वाचतात, मी 'विस्तारा'चे अंक मेजाशी बसून. सध्या १८७०च्या आसपासचे ग्रंथपरीक्षणाचे लेख चालू आहेत. प्रतिमा घेणाऱ्याचा अंगठा काही पानांवर उमटला आहे, त्याखाली दोन-तीन ओळी झाकल्या गेल्या आहेत. तेवढ्यांसाठी पुण्याला जाऊन मूळ अंक पाहावा लागेल.