लिहून देणे आणि लिहून काढणे



मराठीतील संयुक्त क्रियापदांचा आपला परिचय व्याकरणाच्या अभ्यासात झालेला असेल. मुख्य धातू तोच राहतो. मात्र सहायक क्रियापद बदलले की कर्त्याची वृत्ती बदलते. 'लिहून देणे' यात घेणारा कोणी समोर आहे, असे गृहीत असते. 'लिहून टाकणे' यात काम एकदाचे हातावेगळे करण्याची घाई असते. 'लिहून ठेवणे' यात पुढे कधीतरी त्याचा उपयोग होईल हा भरवसा असतो, तर 'लिहून काढणे' यात मनातले सारे शेवटापर्यंत बाहेर आणण्याची चिकाटी असते. यांपैकी दुसऱ्या माणसाची खरी गरज केवळ 'देणे' या क्रियापदाला आहे. तरीही वाचक दिसत नाही म्हणून आपण हातातले लेखन अर्ध्यावर सोडतो, तेव्हा सगळे लेखन म्हणजे 'लिहून देणे'च, असे आपण नकळत मानलेले असते.

माझ्या माहेरच्या गावी विजेचे पंप येण्यापूर्वी विहिरींवर मोट चालत असे. पीएच.डी. पूर्ण झाल्यानंतर मी त्या मोटेच्या शब्दांचा एक लहानसा कोश करावयास घेतला. मोट ओढणारा जाड दोर तो 'नाडा' आणि तिच्या सोंडेचा दोर तो 'सोंदूर'. बैल ज्या उतरत्या वाटेवर ये-जा करीत, ती 'धाव'. मोट जिथे रिकामी होई, ते 'थारोळे'. आज हा शेवटचा शब्द आपल्याला बहुधा रक्ताच्या संदर्भातच भेटतो. मळ्याला पाणी पाजणारा त्याचा अर्थ मागे पडला आहे. असे शब्द मी कार्डांवर टिपत गेले. या कामाने पदोन्नती मिळणार नव्हती. एका प्रकाशकांनी सौजन्याने विचारले, "पण बाई, हे वाचणार कोण?" त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

काम मात्र थांबवता येत नव्हते, कारण शब्द सांगणारी माणसे थांबणार नव्हती. ज्या चार वृद्ध मोटकऱ्यांकडून मी शब्द घेतले, त्यांतील दोघे कोश पूर्ण होण्यापूर्वीच गेले. एका शब्दापुढे मी प्रश्नचिन्ह करून ठेवले होते. ते आजही तसेच आहे. वाचक उशिरा आला तरी चालतो. सांगणारा गेला की तो परत येत नाही, हे मला त्या प्रश्नचिन्हाने शिकवले.

श्रोत्यावाचून रचना करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईसमोर सभा नसे. असलीच तर समोर दळायला बसलेली सासू, जाऊ किंवा लेक. तिची ओवी दळणाला बांधलेली असे. दळण रोज असे, म्हणून ओवीही रोज असे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करता करता त्यांनी गाणी रचली. जवळच्यांनी ती टिपून घेतली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. या घटनेचा अर्थ 'कीर्ती उशिरा का होईना, मिळतेच' असा कृपया लावू नये; बहुतेकांना ती मिळत नाही. पुस्तक निघण्यापूर्वीही ती गाणी पूर्णच होती, एवढाच अर्थ मी घेते.

वाचकाची ओढ वाटणे यात गैर काही नाही. भाषा मुळात दोघांमधला व्यवहार आहे. पण बोलणारा हा स्वतःच्या बोलण्याचा पहिला श्रोता असतो, आणि आरंभी तेवढा पुरतो. मला तीन गोष्टींचा उपयोग झाला, त्या सांगते. एक, कामाला रोजच्या एखाद्या कामाशी बांधावे. मी सकाळच्या चहानंतर एकच कार्ड लिहीत असे. दोन, 'पूर्ण' कशाला म्हणायचे ते आरंभीच ठरवावे. माझ्यापुरते ते 'गावातील चार विहिरींवरचे शब्द' असे होते, 'महाराष्ट्रातील मोट' असे नव्हते. तीन, काम संपल्यावर त्याला हातात धरता येईल असे रूप द्यावे. माझ्या कोशाच्या दोन प्रती मी बांधून घेतल्या. एक घरी आहे, दुसरी गावच्या वाचनालयात. ती कोणी उघडते की नाही, याची चौकशी मी केलेली नाही.

आपण नोकरी, शेती, संसार सांभाळून, घरातील माणसे निजल्यावर ही पुस्तिका उघडता. आपला स्वाध्याय ऐकायला रोज वर्ग भरत नाही, तरीही आपण तो पूर्ण करता. म्हणजे प्रेक्षकांवाचून काम तडीस नेण्याची सवय आपल्याला आधीच आहे. वहीत अर्धी राहिलेली कथा, आजीच्या आठवणी, बोलीतील म्हणींची यादी यांनाही तीच सवय लावावी. ते कोणाला लिहून द्यायचे, हे नंतर ठरवता येईल. आज ते लिहून काढावे.